इमारत आणि मंडळी

दोन वर्षांपूर्वी बी.ए.च्या मुलांची सहल मुंबईला नेली होती. फोर्टमध्ये लायन गेटसमोर एक पांढरे, उंच मनोऱ्याचे चर्च दिसते. दर्शनी भागी मोठमोठे खांब. एका विद्यार्थिनीने विचारले, ‘‘सर, हे इंग्रजांचं ना?’’ म्हटले, ‘‘इंग्रजांचं नव्हे, स्कॉटिश लोकांचं!’’ मग तिथेच अर्धा तास तास रंगला.

हे सेंट अँड्र्यूज चर्च. मुंबईतल्या स्कॉटिश प्रेस्बिटेरियन लोकांनी 1819 साली उभे केले. या पंथात बिशप नसतो. पाळक आणि मंडळीने निवडलेले ‘वडील’ मिळून कारभार पाहतात. मनोरा चार वर्षांनी, 1823 मध्ये चढला. 1826 मध्ये त्यावर वीज कोसळली. पुढच्याच वर्षी तो पुन्हा बांधला गेला. शेजारी पुढे बर्फाचे कोठार झाले. अमेरिकेहून जहाजाने आलेला बर्फ तिथे साठवत, हे ऐकून मुले हसली.

पण विजेपेक्षा मोठा तडाखा 1843 साली बसला. पाळक नेमायचा कोणी, जमीनदाराने की मंडळीने, या वादातून स्कॉटलंडमध्ये साडेचारशेहून अधिक पाळक जुने चर्च सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ स्थापन झाले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या बाजूची वाट धरली. विल्सन यांनी 1832 मध्ये इंग्रजी शाळा काढली होती. तिची नवी इमारत उभी राहत होती. तत्त्वासाठी तीही सोडावी लागली. हातात खडू-फळा तेवढा उरला. तरी शाळा बंद पडली नाही. तिचेच पुढे विल्सन कॉलेज झाले आणि 1889 मध्ये ते चौपाटीवरच्या आजच्या वास्तूत आले. ती पाहायला विल्सन नव्हते. 1875 मध्येच ते वारले होते.

आपल्या गावाचा धागा इथेच जुळतो. 1831 साली बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी मुंबईत याच फ्री चर्चच्या शाळेत शिकले. 1857 मध्ये त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिले. विधवांचे दुःख मांडणारी ही कादंबरी अनेक अभ्यासक मराठीतली पहिली कादंबरी मानतात. इमारत गमावलेल्या शाळेचा हा विद्यार्थी!

1929 साली स्कॉटलंडमधील दुभंगलेल्या चर्चपैकी बहुतेक पुन्हा एक झाली. भारतात 1970 मध्ये अनेक पंथ मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. सेंट अँड्र्यूजही त्यातच आले.

मराठी ख्रिस्ती बांधव चर्चच्या सभासदांना ‘मंडळी’ म्हणतात. मला हा शब्द फार आवडतो. इमारत जागेवर राहते. मंडळी उठून चालू लागते आणि जिथे बसेल तिथे पुन्हा शाळा भरते.

आपल्या सीमाभागातही जुन्या मराठी शाळांच्या भिंतींना रंग लावायला आपण वर्गणी काढतो. चांगलेच आहे. पण त्या वर्गात बसायला आपल्याच घरातले मूल पाठवले का, हेही एकदा विचारायला हवे. परतीच्या गाडीत त्याच विद्यार्थिनीने हळूच सांगितले, ‘‘सर, माझा धाकटा भाऊ इंग्रजी शाळेत जातो.’’ मी काही बोललो नाही. माझा मुलगाही तिथेच शिकला आहे.