तेवीस गोष्टींची शाळा

नवी विद्या शिकतांना लहान मुलास लाज वाटत नाहीं. लाज वाटते ती जाणत्या माणसास. वीस-पंचवीस वर्षें एकाच कामांत मुरलेल्या मनुष्यापुढें एखादें नवें साधन आणून ठेवलें, कीं त्याचा हात आपोआप मागें सरतो. आपलें अज्ञान चारचौघांत उघडें पडेल, ही त्याची खरी भीति. ग्रंथालयांतील सेवकांच्या बाबतींत तर ती दुणावते. कारण वाचकांच्या शंका फेडणें हाच त्यांचा व्यवसाय. ज्यास सर्वांनीं विचारावयाचें, त्यानेंच 'मला येत नाहीं' असें म्हणावें कसें? अमेरिकेंतील एका ग्रंथालयानें ह्या अडचणीवर जो तोडगा काढला, तो आमच्या वाचकांनीं जाणून घेण्यासारखा आहे.

नॉर्थ कॅरोलिना राज्यांतील शार्लट शहर व मेक्लेनबर्ग परगणा ह्यांच्या सार्वजनिक ग्रंथालयाची ही हकीकत. २००६ सालच्या सुमारास इंटरनेटचें स्वरूप पालटत होतें. पूर्वीं बहुतेक लोक तेथें केवळ वाचीत. आतां ते लिहूं लागले, छायाचित्रें मांडूं लागले, आपल्या संग्रहांतील पुस्तकांच्या याद्या परक्यांस दाखवूं लागले. वाचक ह्या साधनांविषयीं विचारावयास येणार आणि मेजापलीकडील सेवकास त्यांचीं नांवेंही ठाऊक नसणार, अशी वेळ येण्याचा संभव होता. तेथील तंत्रविभागाच्या प्रमुख हेलेन ब्लोअर्स ह्या बाईंनीं त्या वर्षीं ऑगस्टमध्यें सेवकांपुढें तेवीस लहान लहान गोष्टींची यादी ठेवली. ब्लॉग सुरू करा, फ्लिकरवर छायाचित्रें पाहा, लायब्ररीथिंगवर आपल्या आवडत्या पुस्तकांची नोंद करा, विकीवर चार शब्द लिहून पाहा, अशा त्या गोष्टी.

ह्यासाठीं वर्ग भरला नाहीं कीं परीक्षा झाली नाहीं. सक्तीही नव्हती. ज्यानें त्यानें सवडीप्रमाणें एकेक गोष्ट करून पाहावी व तिजविषयीं आपल्या ब्लॉगवर थोडें लिहावें, एवढाच नेम. ब्लॉग टोपणनांवानें लिहिण्यास मुभा होती, आणि आमच्या मतें सगळें मर्म येथेंच आहे. वरिष्ठांपुढें चुकण्याची धास्ती गेली, कीं मनुष्य खुशाल चुकतो आणि चुकत चुकत शिकतो. मुदतींत तेवीस गोष्टी पुऱ्या करणारास गाणीं ऐकण्याचें एक छोटें एमपीथ्री यंत्र बक्षीस मिळे. मोठ्या माणसांसही खाऊ आवडतो, हें बाईंनीं बरोबर ओळखलें होतें!

हा पाठ्यक्रम त्यांनीं कुलुपांत ठेवला नाहीं. इतरांनीं तो घ्यावा व हवा तसा बदलावा, अशी परवानगी दिली. ऑस्ट्रेलियांतील यारा प्लेंटी ग्रंथालयानें तो लवकरच उचलला. पुढें २०१० सालीं ऑक्सफर्ड व केंब्रिज येथील ग्रंथालय-सेवकांनींही आपापल्या 'तेवीस गोष्टी' गिरविल्या.

आतां कोणी विचारील, त्या साधनांचें पुढें काय झालें? कित्येक अस्तंगत झालीं. दुवे जपून ठेवण्याची डेलिशस नांवाची सोय २०१७ सालीं दुसऱ्याच्या हातीं जाऊन गोठली. फ्लिकर टिकलें, पण तेंही २०१८ सालीं मालक बदलून बसलें. मग तो सारा खटाटोप व्यर्थ गेला काय? मुळींच नाहीं. ज्यानें तेवीस साधनें हाताळलीं, त्यास चोविसाव्याचें भय उरत नाहीं. आपल्या रंगनाथनांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें मांडलीं. ग्रंथालय ही वाढती, सजीव संस्था होय, असें त्यांतील पांचवें सांगतें. संस्था वाढावयाची, तर तिच्यांतील माणसें आधीं वाढावयास हवींत.

घरासही हाच न्याय लागू आहे. आजींस परदेशीं असलेल्या नातवाचें तोंड पाहावयाचें असतें, आजोबांस फोनवर एखादें पुस्तक शोधावयाचें असतें. आणि घरांतील तरुण मंडळी 'द्या इकडे, मी करतो' म्हणून फोन त्यांच्या हातून काढून घेतात. काम चटकन होतें, पण शिकणें राहून जातें, आणि पुढच्या खेपेस आजोबा विचारीतच नाहींत. पैशांच्या व्यवहारांत सावधगिरी हवीच. परंतु ज्यांत कांहीं बिघडण्यासारखें नाहीं, अशा पांचदहा गोष्टींची यादी त्यांस करून द्यावी. जवळ बसावें, विचारल्यास सांगावें. हंसूं मात्र नये.