चिंतामणीच्या गावात पासवर्डची चिंता

मंडळी, खरं सांगा हं! ऑफिसचा पीसी 'पासवर्डची मुदत संपली' असं ओरडला की तुम्ही काय करता? जुन्याच पासवर्डच्या शेवटचा आकडा एकाने वाढवता ना? मीही तेच करायचे. त्यामुळे कळंबला मामाच्या ऑफिसात गेले तेव्हा शहाणपण शिकवायचा मला तसा काही हक्क नव्हता.

कळंब म्हणजे यवतमाळ-नागपूर रस्त्यावरचं चिंतामणी गणपतीचं गाव. पायऱ्या उतरून जमिनीच्या पातळीखाली जायचं, तेव्हा बाप्पाचं दर्शन होतं. मामा तिथे टॅक्सची कामं करतो. ऑफिसात माणसं तीन, कॉम्प्युटर एक, खातं एक आणि पासवर्ड? भिंतीवरच्या कालनिर्णयच्या कोपऱ्यात, बॉलपेनने! येणाऱ्या गिऱ्हाइकांचे पॅन आणि आधार त्याच मशीनमध्ये.

"काऊन गं, चोर काय कॅलेंडर वाचाले येणार हाय?" मामा हसला. पण हसू फार टिकलं नाही. एका मोठ्या गिऱ्हाइकाची वर्षभराच्या हिशोबाची फाइल गायब झाली होती. मामाने नव्या मुलीला चारचौघांत झापलं आणि दोन दिवस झाले, ती कामावरच आली नव्हती.

मी आधी रिसायकल बिन उघडली. फाइल तिथे होती! डिलीट झाल्याची तारीखही होती : रविवार, संध्याकाळ. रविवारी ऑफिसची किल्ली फक्त मामाकडे. आता विंडोजमध्ये प्रत्येक खात्याची बिन वेगळी असते. तिघांची खाती वेगळी असती तर पहिल्याच मिनिटाला कळलं असतं. रविवार नसता, तर त्या पोरीकडे स्वतःच्या बाजूने दाखवायला काहीच नव्हतं.

मामा बराच वेळ कॅलेंडरकडे बघत बसला. मग म्हणाला, "कर बाप्पा, काय करायचं ते."

नशीब, विंडोज 'प्रो' होतं. 'होम'मध्ये ही खिडकी मिळत नाही. कॉम्प्युटर मॅनेजमेंट, त्यात लोकल युजर्स अँड ग्रुप्स, तिथे तीन साधी खाती आणि एक वेगळं अॅडमिनिस्ट्रेटरचं. रोजचं काम त्या चौथ्या खात्यावर करायचं नाही, एवढी तंबी मामाला. सगळ्यांना लागणाऱ्या फाइल्स एका सामाईक फोल्डरमध्ये. प्रत्येकाला तात्पुरता पासवर्ड दिला आणि पुढच्या लॉगिनला तो बदलायलाच लागेल अशी खूण केली, म्हणजे खरा पासवर्ड मलाही ठाऊक नको. गंमत अशी, की ही खूण असेपर्यंत 'पासवर्ड नेव्हर एक्स्पायर्स'ची चौकट करडी पडते. त्यामुळे ती नंतर, प्रत्येकाचं पहिलं लॉगिन झाल्यावर. ती राहून गेली तर विंडोजच्या मूळ सेटिंगनुसार ४२ दिवसांनी पुन्हा बोंब!

आणि हो, कोणी पासवर्ड विसरलं तर अॅडमिनने धाडकन रीसेट मारू नये. त्या खात्यातल्या एन्क्रिप्ट केलेल्या फाइल्स आणि साठवलेले पासवर्ड कायमचे जाऊ शकतात. विंडोज तसा इशारा देतं, आपण न वाचता ओके दाबतो.

"पण सर्व्या कंपन्या तं दर तीन महिन्याले बदलवतात नं?" मामाची शंका. हा नियम जगभर पसरवण्यात अमेरिकेतल्या 'निस्ट' या सरकारी संस्थेच्या जुन्या मार्गदर्शिकेचा मोठा हात. ती लिहिणाऱ्या बिल बर यांनी २०१७ मध्ये त्यातल्या बऱ्याच सल्ल्यांबद्दल चक्क पश्चात्ताप व्यक्त केला. सक्ती केली की लोक आकडाच वाढवतात (माझ्यासारखे!). त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने बदलण्याची सक्ती नको म्हटलं, २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही आपल्या शिफारशींतून ती काढली. पासवर्ड फुटल्याची शंका आली की बदला. आणि लांब ठेवा, चार-पाच असंबद्ध शब्दांचा. आमच्या एचआरला हे कोण सांगणार, देव जाणे!

त्या संध्याकाळी मामा चपला घालून एकटाच त्या मुलीच्या घरी गेला. काय बोलला, ते त्याने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सकाळी ती आली. खुर्चीत बसली, तात्पुरता पासवर्ड टाकला आणि नवा टाइप करायच्या आधी क्षणभर थांबली. मामा उठला, खिडकीशी जाऊन तिच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"झालं का वं?"

"थांबा नं भाऊ, लांबलचक ठेवून राह्यली."