ठसा मुलाचा, मोर बाईंचा

बालवर्गाच्या भिंतीवर ओळीने मोर लावलेले असतात. चार बोटांचा पिसारा, अंगठ्याची मान, काळ्या स्केचपेनचा डोळा. सगळे एकाच दिशेला बघणारे. मुलाने फक्त तळहात उसना दिलेला असतो. बोटं पसरली बाईंनी, दाबली बाईंनी, डोळा आणि चोचही बाईंचीच. आयुष्य बालवाडीत गेल्यामुळे बाईंवरचा ताण मला ठाऊक आहे. पालकसभेला भिंत सजलेली लागते. तरीही हे थांबायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

दोन-अडीच वर्षांचं मूल गार, बुळबुळीत रंगाला बिचकतं आणि मूठ मिटून घेतं. ती मूठ ओढून उघडू नका. मुठीची करंगळीकडची कड रंगात बुडवून कागदावर टेकवू द्या, वर बोटाने पाच टिंबं द्यायला सांगा. चिमुकलं पाऊल तयार! गौरी येतात तेव्हा घरोघरी अशीच पावलं उमटतात. पोळ्याला बैलाच्या पाठीवर रंगीत पंजे उमटवणारा आजोबा ज्या मुलाने पाहिला आहे, त्याला तर काही शिकवावंच लागत नाही.

विकतचा संच कशाला हवा? एक वाटी मैदा तीन वाट्या पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर खळ शिजवा, पूर्ण गार होऊ द्या. एका भागात हळद, एकात गेरू, एकात बिटाचा रस. बिटाचा रंग चार दिवसांत विटतो, विटू दे. लाल रंगासाठी हळदीत चुना मात्र घालू नका, कोवळी कातडी भाजते. शेंदूरही नको, त्यात शिसं असतं. रंग स्पंजच्या तुकड्याने हाताला लावावा आणि कागदाखाली घडी केलेला टॉवेल ठेवावा, म्हणजे तळव्याच्या खळग्याचाही ठसा येतो. हळदीचा डाग जाता जात नाही, तेव्हा अंगात जुनाच सदरा असू द्या.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला बालशिक्षणाचं काम उभं केलं, ते आसपास मिळणारे शंख-शिंपले, बिया, पानं यांच्या बळावर. महागड्या साधनांची वाट त्यांनी पाहिली नाही.

ठसा उमटला की मोठ्यांनी गप्प बसावं. कागद वाळेपर्यंत मुलाने तो उलटासुलटा करून बघावा. बोटं खाली केली की कुणाला हत्तीचे पाय दिसतात आणि अंगठ्याची सोंड. दोन पंजे जोडले की कुणाला खेकडा. एखाद्याला काहीच दिसत नाही, तो म्हणतो, “हा माझा हात आहे.” तेही पुरेसं आहे. डोळा कुठे काढायचा, काढायचा की नाही, हे त्याचं तो ठरवेल. फरफटलेला ठसा फाडून दुसरा घ्यायला लावणं मला अजिबात मान्य नाही.

येत्या स्नेहसंमेलनात ते फरफटलेले ठसेच भिंतीवर लावा. हे काय आहे असं पालकांनी विचारलं, तर सांगायला मुलालाच पुढे करा.