लाहोरचं जेल, खेडचा माणूस

लाहोरच्या शादमान वसाहतीत वाहनांनी गजबजलेला एक चौक आहे. पूर्वी इथं लाहोर सेंट्रल जेल होतं. २३ मार्च १९३१ च्या संध्याकाळी भगतसिंग, सुखदेव आणि आपल्या खेडचे शिवराम हरी राजगुरू यांना इथं फाशी दिलं. खरी तारीख २४ मार्च होती. लोक खवळतील या धास्तीनं सरकारनं आदल्या दिवशीच काम उरकलं आणि प्रेतं रातोरात सतलजकाठी नेऊन जाळली. राजगुरू तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते.

१९६१ मध्ये हे जेल पाडून तिथं वसाहत उभी राहिली. गंमत अशी, की त्याच वर्षी पाकिस्ताननं हुसैनीवाला, म्हणजे त्या दहनाची जागा, बारा गावांच्या बदल्यात भारताला दिली. आज तिथं स्मारक आहे. शादमानला साधा फलकही नाही.

भिंती पडल्या, पण जागेमागचं शुक्लकाष्ठ सुटलं नाही. नोव्हेंबर १९७४ मध्ये याच भागात भुट्टोंचे राजकीय विरोधक अहमद रझा कसुरी यांच्या मोटारीवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यांचे वडील गेले. त्या खुनाच्या खटल्यात माजी पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो १९७९ मध्ये फासावर चढले. त्यांना न्याय्य सुनावणी मिळाली नव्हती, हे पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये मान्य केलं.

चौकाला भगतसिंगांचं नाव द्यायचं २०१२ मध्ये ठरलं, विरोध झाला, प्रकरण कोर्टात गेलं. २०२४ मध्ये तिथल्या महापालिकेनं बेत सोडल्याचं न्यायालयाला सांगितलं. नावासाठी कोर्टाची पायरी चढणारे लाहोरकरच आहेत, हे इथं आवर्जून सांगायला हवं.

जेल पाडल्याचं मला दुःख नाही. वाढत्या शहराला घरं लागतातच. पण इथं काय घडलं हे सांगणारी एक ओळ लिहायला कितीशी जागा लागते?

अर्थात आपणही फार शहाणपणा मिरवू नये. आपण खेडला राजगुरुनगर केलं, पण अनेकांना ते ठाऊक आहे ते पुणे-नाशिक रस्त्यावरच्या वाहतूककोंडीमुळे. पुढच्या खेपेला तिथं अर्धा तास थांबा आणि भीमेकाठचा राजगुरूंचा वाडा पाहून या. लाहोरवर रागवायचं असेल, तर त्यानंतर खुशाल रागवा.