आकाशाला सवलत, जमिनीला कर

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरील नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आणि जिल्ह्याच्या प्रगतीला पंख फुटल्याचे ढोल वाजू लागले. पंख नेमके कोणाला फुटले, हे विचारणे मात्र अशिष्टपणाचे ठरले.

इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरमधील यंत्रमाग कामगाराला पुण्या-मुंबईला जायचे तर एसटीचा थांबा गाठावा लागतो, नाही तर हातकणंगले स्थानक. इचलकरंजीसारख्या वस्त्रनगरीला स्वतःचे रेल्वेस्थानक नाही. २०२० मध्ये बंद पडलेली कोल्हापूर-मुंबई सह्याद्री एक्स्प्रेस नोव्हेंबर २०२३ मध्ये परतली, तीही पुण्यापर्यंतच. म्हणजे ज्या काळात गरिबाची गाडी निम्म्या वाटेत थांबली, त्याच काळात श्रीमंताचे प्रतीक्षागृह सजले.

करांचा न्याय तर याहून उघड आहे. ‘उडान’ योजनेत सामील होणाऱ्या राज्यांनी त्या विमानतळांवरील इंधनावरचा मूल्यवर्धित कर दहा वर्षे एक टक्का वा त्याहून कमी ठेवावा, अशी अट आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्र शासनाने मुंबई, पुणे व रायगड येथील विमान-इंधनावरील कर २५ टक्क्यांवरून १८ वर आणला. डिझेलवरील कर मात्र २०२४ च्या अर्थसंकल्पातील कपातीनंतरही २१ टक्के होता. सूत वाहणारी मालमोटार आणि उसाच्या फडातला ट्रॅक्टर अधिक कर भरणार, आणि आकाशमार्गी प्रवासी कमी! याला समाजवादी घटनेच्या देशात काय म्हणावे?

एक किलो विमान-इंधन जळाले की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. उंचावरील धूम्ररेषांमुळे प्रत्यक्ष तापमानवाढीतला वाटा त्याहून मोठा. २०१८ च्या आकडेवारीवरील एका अभ्यासानुसार, प्रवासी विमानांच्या निम्म्या उत्सर्जनास जगातील अवघे एक टक्का लोक जबाबदार आहेत. २०१९ आणि २०२१ चे पंचगंगेचे महापूर एकट्या विमानांनी आणले, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. पण तापलेल्या हवेत अतिवृष्टीचा धोका वाढतो, आणि पाणी प्रथम शिरते ते नदीकाठच्या गरिबाच्या घरात.

यावर सरकारी युक्तिवाद असा, की भारतीय माणूस पाश्चात्त्यांच्या मानाने फारच थोडा उडतो. मग बंधन भारतावर का? युक्तिवाद रास्त आहे, पण अर्धाच. राष्ट्राराष्ट्रांमध्ये जो न्याय मागायचा, तो राष्ट्राच्या आत वर्गावर्गांमध्ये का नाकारायचा? दरिद्री बहुजनांच्या अल्प उत्सर्जनाआड मूठभरांनी लपावे, ही ढोंगबाजी आहे.

दुसरा उतारा हरित इंधनाचा. २०२७ मध्ये एक टक्का आणि २०३० मध्ये पाच टक्के मिश्रण करण्याचे उद्दिष्ट आहे. तेही आंतरराष्ट्रीय उड्डाणांपुरते. देशातील चालू विमानतळ २०१४ मध्ये ७४ होते, ते २०२४ पर्यंत १५७ झाले. या गतीपुढे पाच टक्क्यांची बचत गिळंकृत व्हायला किती वेळ लागेल?

विमानतळांना कुलूप लावा, असे कोणी म्हणत नाही. अत्यवस्थ रुग्णाला, दुर्गम प्रदेशाला विमान हवेच. पण इंधनावरील सवलत संपली पाहिजे, वारंवार उडणाऱ्यांवर चढता कर बसला पाहिजे आणि तो पैसा रेल्वे व एसटीकडे वळला पाहिजे. इचलकरंजीला रेल्वे आणि कोल्हापूरहून मुंबईपर्यंत पुरेशा गाड्या, ही मागणी कबनूरच्या कामगाराची आहे, तितकीच पर्यावरणाची. दोन्ही लढे एकच आहेत, हे ओळखून कार्यकर्त्यांनी ती गावोगाव नेली पाहिजे.