संहिता कुठे आहे?

'इंडियन ओशन' या दिल्लीच्या रॉक बँडच्या वाटचालीवर जयदीप वर्मा यांनी केलेला 'लीव्हिंग होम' हा माहितीपट २०१० साली प्रदर्शित झाला. मराठीच्या प्राध्यापकाने त्याची दखल का घ्यावी, असे आमचे काही सहकारी विचारतात. रॉक म्हणजे महानगरी, इंग्रजाळलेल्या तरुणांची करमणूक. परतूरसारख्या तालुक्याच्या गावी मराठी शिकणाऱ्यांचा तिच्याशी संबंध काय? हा प्रश्न दिसतो तितका निरागस नाही. आपल्या वाङ्मयविचाराचा एक जुना आळस त्यामागे दडलेला आहे.

आधी वस्तुस्थिती पाहू. १९९० साली सुरू झालेल्या या बँडने गायिले काय? 'हिल्ले ले' ही गोरख पांडेय यांची रचना, 'झीनी'मध्ये कबीर, 'कंदिसा' ही केरळच्या सिरियन ख्रिस्ती परंपरेतली प्रार्थना, 'मा रेवा' हे नर्मदेचे गाणे. बँडमधले राहुल राम नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ते होते, आणि ही नर्मदा आपल्या नंदुरबार जिल्ह्याच्या सीमेवरून वाहते. तेव्हा परकेपणाचा आक्षेप पहिल्याच पायरीवर गळून पडतो.

परंतु खरा मुद्दा याहून वेगळा आहे. हा माहितीपट एका प्रतिभावंताचे चरित्र सांगत नाही. सुस्मित सेन, असीम चक्रवर्ती, राहुल राम आणि अमित किलम या चौघांना तो बोलते करतो आणि चौघांचे मिळून एक गाणे कसे होते, ते ऐकू देतो. डिसेंबर २००९ मध्ये चक्रवर्ती गेले. चित्रपट लोकांपुढे आला तेव्हा ते हयात नव्हते. पण त्यांचा आवाज आणि त्यांची बाजू नोंदली गेली होती.

आपण काय नोंदले? अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांच्या गाण्यांनी काय केले, हे आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. अभ्यासाला बसलो की मात्र अण्णाभाऊ कथा-कादंबरीच्या प्रकरणात जातात, अमर शेख कवितेच्या, आणि गवाणकर तळटीपेत. कलापथक उरतच नाही. ढोलकीवर कोण होते, झीलकरी कोण, एखादी ओळ तालमीत कशी बदलली, हे प्रश्न वाङ्मयीन आहेत असे आपल्याला वाटतच नाही. आपल्या वाङ्मयेतिहासाला लेखक दिसतो, पथक दिसत नाही.

कोणी आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड'चे (२०११) नाव घेईल. तो थोर माहितीपट आहे. पण त्यामागे १९९७ सालचा रमाबाई नगरातला गोळीबार आणि त्यानंतर विलास घोगरे यांनी केलेली आत्महत्या आहे. शाहिराकडे आपले लक्ष जाण्यासाठी त्याने मरावेच लागते काय?

काही वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याला आपल्या गावच्या गायन पार्टीवर प्रकल्प करायचा होता. तीसेक वर्षे भीमजयंतीला गाणारी माणसे. पेटी, ढोलक आणि कोरस. विषय पाहणाऱ्यांनी विचारले, "संहिता कुठे आहे?" मुलाकडे उत्तर नव्हते. त्या बैठकीत मीही होतो, आणि मीही मान डोलावली. त्याने मग एका छापील कवितासंग्रहावर प्रकल्प केला. त्याला गुणही चांगले मिळाले. पुढे त्या पार्टीचा पेटीवाला वारला. कुठल्या गाण्याला कुठली चाल, कोणते कडवे कोणी जोडले, हे त्याला पाठ होते. ते कोणी लिहून घेतले नाही.

विद्यापीठीय मराठीने याचे उत्तर द्यायला हवे. ज्या भाषेत ओवी, भारूड आणि पोवाडा गाऊनच जगले, त्या भाषेच्या विभागात गाणाऱ्या समूहाचा इतिहास 'संहिता नाही' म्हणून नाकारला जातो, याला शिस्त म्हणत नाहीत. साधे ध्वनिमुद्रण आज प्रत्येक विद्यार्थ्याच्या खिशातल्या मोबाईलवर होते. अडचण साधनांची नाही, आपल्या डोलणाऱ्या मानांची आहे. यापुढे कोणी गायन पार्टीचा विषय घेऊन आले, तर संहिता मागण्याऐवजी ती तयार करायला त्याच्याबरोबर जावे, एवढेच माझे म्हणणे आहे.