परदेशी जोडीदार: राहण्याची मुभा, कमाईची प्रतीक्षा

पर्यटक व्हिसावर भारतात आलेल्या परदेशी व्यक्तीने भारतीय नागरिकाशी विवाह केला, तर तिला मायदेशी न परतता येथेच राहण्याची परवानगी मिळू शकते. मात्र राहण्याची परवानगी म्हणजे काम करण्याची परवानगी नव्हे. या दोहोंमध्ये बहुतेक जोडप्यांच्या बाबतीत दोन वर्षांहून अधिक काळ जातो. १ सप्टेंबर २०२५ पासून 'स्थलांतर आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५' अमलात आला असून, त्यानंतर या मधल्या काळाकडे नव्याने पाहण्याची गरज निर्माण झाली आहे.

या कायद्याने १९२०, १९३९, १९४६ आणि २००० या वर्षांचे चार जुने कायदे रद्द केले. व्हिसाची मुदत संपल्यावर राहणे किंवा त्याच्या अटींचा भंग करणे यासाठी नव्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावास, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. परवानगीविना नोकरी करणे हा व्हिसाच्या अटींचा भंगच ठरतो. विवाह झाला, या एका कारणाने त्यातून सूट मिळत नाही.

प्रश्न केवळ महानगरांचा नाही

परदेशी जोडीदाराचा विषय निघाला की मुंबई, पुणे, बंगळूर किंवा गोवा डोळ्यांपुढे येते. नियम मात्र लहान गावालाही तेच आहेत. मध्य प्रदेशातील जबलपूर जिल्ह्यातील पाटन हे तहसीलीचे ठिकाण उदाहरणादाखल घेता येईल. १९५६ पर्यंत हा भाग आणि विदर्भ एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. आजही पाटनचे जीवन मुख्यत्वे शेतीवर अवलंबून आहे.

अशा गावातील तरुणाची समाजमाध्यमांवरून किंवा परदेशातील शिक्षणाच्या निमित्ताने एखाद्या परदेशी तरुणीशी ओळख झाली आणि ती पर्यटक व्हिसावर येऊन विवाहास तयार झाली, तर पुढे काय घडते? पहिली अडचण विवाहाचीच असते. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार वधू आणि वर दोघेही हिंदू असणे आवश्यक आहे. परदेशी व्यक्तीचा धर्म वेगळा असेल, तर मंदिरात विधी झाले तरी त्या कायद्याखाली विवाह वैध ठरत नाही. अशा जोडप्यासाठी विशेष विवाह कायदा, १९५४ हा मार्ग उरतो.

या कायद्यानुसार जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी किमान एकाचे नोटीशीपूर्वी त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य असले पाहिजे. ही अट स्थानिक जोडीदारामुळे सहज पूर्ण होते. परंतु नोटीस प्रसिद्ध झाल्यावर आक्षेपांसाठी आणखी ३० दिवस थांबावे लागते. परदेशी व्यक्ती अविवाहित असल्याचा दाखला तिच्या देशाच्या दूतावासाकडून मागितला जातो, त्यातही वेळ जातो. ३० दिवसांच्या ई-पर्यटक व्हिसावर आलेल्या व्यक्तीची मुदत त्यामुळे विवाहाची तारीख येण्यापूर्वीच संपू शकते.

धर्मांतर करून विवाह करण्याचा पर्याय मध्य प्रदेशात अधिक गुंतागुंतीचा आहे. राज्याच्या २०२१ च्या धर्म स्वातंत्र्य कायद्यात धर्मांतरापूर्वी ६० दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना पूर्वसूचना देण्याची तरतूद आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये जबलपूर येथील मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, स्वेच्छेने विवाह करणाऱ्या सज्ञान व्यक्तींवर या कलमाखाली कारवाई करण्यास सरकारला मनाई केली. तरीही अनेक कुटुंबांना नोंदणी पद्धतीचा विवाहच अधिक सुरक्षित वाटतो.

पर्यटक व्हिसा ते एंट्री व्हिसा

पर्यटक व्हिसा सर्वसाधारणपणे दुसऱ्या प्रकारच्या व्हिसात बदलून मिळत नाही. भारतीय नागरिकाशी झालेला विवाह हा या नियमाला असलेला महत्त्वाचा अपवाद आहे. व्हिसाची मुदत शिल्लक असताना विवाह झाला, तर त्याचे रूपांतर 'एक्स' म्हणजे एंट्री व्हिसात करण्यासाठी अर्ज करता येतो. त्यासाठी विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र लागते. पूर्वचारित्र्याची तपासणी, पती-पत्नी एकत्र राहत असल्याची खातरजमा आणि सुरक्षा यंत्रणांची अनुकूलता हेही आवश्यक असते.

सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने सीमा विरुद्ध अश्विनी कुमार या प्रकरणात फेब्रुवारी २००६ मध्ये राज्यांना दिला होता. परदेशी जोडीदाराच्या बाबतीत या नोंदणीला वेगळेच महत्त्व येते. नोंदणीचा कागद नसेल, तर पुढची कोणतीही पायरी चढता येत नाही.

२०१८ पासून 'ई-एफआरआरओ' ही संगणकीय सेवा देशभर सुरू झाली. विभागीय परदेशी नागरिक नोंदणी कार्यालय नसलेल्या जिल्ह्यांत हे काम साधारणतः पोलीस अधीक्षकांकडे असते. त्यामुळे पाटनच्या रहिवाशाला दरवेळी महानगर गाठावे लागत नाही. अर्ज घरबसल्या करता येत असला, तरी चौकशी स्थानिक पोलिसांकडूनच होते आणि तिला लागणारा वेळ अर्जदाराच्या हाती नसतो.

दोन वर्षांची पोकळी

एंट्री व्हिसा हाती आला, की वास्तव्य कायदेशीर होते. घर चालवता येते, कुटुंबासोबत राहता येते. पण हा व्हिसा आपोआप वेतनाच्या कामाचा अधिकार देत नाही. नोकरीसाठी असलेल्या रोजगार व्हिसाची सर्वसाधारण अट वर्षाला किमान १६ लाख २५ हजार रुपये वेतनाची आहे. परदेशी भाषा शिकवणारे शिक्षक, विशिष्ट देशांचे खाद्यपदार्थ करणारे आचारी अशा काही गटांना यातून सूट आहे. तहसीलीच्या गावातील शाळा, दवाखाना किंवा दुकान एवढे वेतन देण्याची शक्यता नाही. बंगळूरमधील संगणक अभियंत्याला ही अट पार करता येईल; पाटनमधील परिचारिकेला येणार नाही.

खरा दिलासा 'परदेशस्थ भारतीय नागरिकत्व' कार्डामुळे, म्हणजेच ओसीआय कार्डामुळे मिळतो. नागरिकत्व कायद्यात २०१५ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार भारतीय नागरिकाच्या परदेशी वंशाच्या जोडीदाराला या कार्डासाठी अर्ज करता येतो. विवाहाची नोंदणी झालेली असणे आणि अर्जापूर्वी तो सलग दोन वर्षे टिकलेला असणे, या अटी आहेत. सुरक्षाविषयक पूर्वमंजुरीही घ्यावी लागते. म्हणजे दोन वर्षांनंतर केवळ अर्जाचे दार उघडते. कार्ड हाती येण्यास आणखी काळ लागतो.

कार्ड मिळाल्यावर बहुतेक खासगी नोकऱ्या आणि व्यवसाय खुले होतात. सरकारी नोकरी आणि मतदान मात्र कक्षेबाहेर राहतात. पत्रकारिता, संशोधन आणि धर्मप्रसाराच्या कामासाठी ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार विशेष परवानगी लागते. याच अधिसूचनेत शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे खरेदी करण्याची सवलत दिलेली नाही. शेतकरी कुटुंबात आलेल्या परदेशी सुनेच्या किंवा जावयाच्या दृष्टीने ही मर्यादा लहान नाही. कुटुंबाच्या कष्टातून घेतलेल्या नव्या जमिनीवर तिचे किंवा त्याचे नाव लागत नाही.

कोणत्या देशातून आला, यावर बरेच काही

सर्व परदेशी जोडीदारांना एकच मार्ग खुला नाही. नेपाळी नागरिकाला १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतात राहण्याची आणि काम करण्याची मुभा आधीपासूनच आहे. नेपाळी वधूला विवाहानंतर रोजगाराच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही. याउलट जी व्यक्ती स्वतः, अथवा जिचे आई-वडील, आजी-आजोबा किंवा पणजी-पणजोबा पाकिस्तानचे अथवा बांगलादेशाचे नागरिक होते, तिला ओसीआय कार्ड मिळूच शकत नाही.

पाकिस्तानातून विवाह करून आलेल्या स्त्रियांसाठी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची वेगळी व्यवस्था आहे. २२ एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर केंद्र सरकारने पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले, तेव्हा दीर्घ मुदतीचे व्हिसा त्यातून वगळण्यात आले होते. दोन देशांतील संबंधांचा परिणाम घराच्या उंबरठ्यापर्यंत कसा पोहोचतो, हे त्या वेळी अनेक कुटुंबांनी अनुभवले.

विवाह मोडल्यास

या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक बाब म्हणजे परदेशी जोडीदाराचे संपूर्ण कायदेशीर अस्तित्व विवाहाशी बांधलेले असते. सुरुवातीच्या काळात स्वतःची कमाई नसते आणि व्हिसासाठी भारतीय जोडीदाराचे सहकार्य लागते. घरात छळ होत असेल, तर तक्रार करणे म्हणजे राहण्याचा आधारही पणाला लावणे ठरू शकते.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण कायदा, २००५ मधील संरक्षण केवळ भारतीय नागरिकांपुरते मर्यादित नाही. तात्पुरते वास्तव्य असलेल्या ठिकाणीही न्यायालयात दाद मागता येते. मात्र हा कायदा व्हिसा देत नाही. विवाहाच्या आधारे मिळालेले ओसीआय कार्डही विवाह विच्छेद झाल्यास रद्द करता येते. २०१९ च्या दुरुस्तीने त्यापूर्वी म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक केले. पण दहा वर्षे नोकरी केलेल्या व्यक्तीचेही कार्ड घटस्फोटानंतर जाऊ शकते, ही वस्तुस्थिती बदललेली नाही.

राज्यघटनेच्या दृष्टीने पाहिले, तर कोणताही व्यवसाय करण्याचे कलम १९ मधील स्वातंत्र्य केवळ नागरिकांना आहे. कलम २१ मधील जीविताचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क मात्र प्रत्येक व्यक्तीला आहे. परदेशी नागरिकाला भारतात स्थायिक होण्याचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये स्पष्ट केले होते. त्याच न्यायालयाने २००० मध्ये चंद्रिमा दास प्रकरणात एका बांगलादेशी महिलेला कलम २१ चे संरक्षण असल्याचा निर्वाळा दिला. परदेशी जोडीदाराचा प्रश्न या दोन निकालांच्या मधल्या जागेत उभा आहे.

अन्य देशांतील पद्धती

परदेशात असलेल्या मराठी कुटुंबांना हाच प्रश्न उलट बाजूने भेडसावतो. अमेरिकेत पर्यटक व्हिसावर गेलेल्या व्यक्तीने अमेरिकी नागरिकाशी विवाह केल्यास तिला तेथूनच ग्रीन कार्डसाठी अर्ज करता येतो आणि त्याच वेळी कामाच्या परवान्याचा अर्जही देता येतो. परवाना हाती येईपर्यंत काम करता येत नाही. परंतु त्यासाठी विवाहाला ठरावीक वर्षे पूर्ण होण्याची अट नाही. प्रवेशाच्या वेळी विवाह करून स्थायिक होण्याचा हेतू लपवला होता काय, याची चौकशी होऊ शकते. प्रवेशानंतर ९० दिवसांच्या आत झालेला विवाह वकिलातीचे अधिकारी संशयाने पाहतात. विवाह दोन वर्षांपेक्षा नवा असेल, तर प्रथम सशर्त ग्रीन कार्ड मिळते.

अमेरिकेतही अलीकडे नियम कडक झाले आहेत. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाच्या बहुतेक अर्जांना मिळणारी आपोआप मुदतवाढ बंद झाली. ग्रीन कार्डचा अर्ज प्रलंबित असलेल्यांच्या परवान्याची कमाल मुदत डिसेंबर २०२५ मध्ये पाच वर्षांवरून १८ महिन्यांवर आणण्यात आली. एच-१बी व्हिसाधारकांच्या काही जोडीदारांना मे २०१५ पासून मिळालेली कामाची मुभाही अनेक वर्षे न्यायालयीन वादात होती.

ब्रिटनची पद्धत आणखी वेगळी आहे. तेथे पर्यटक म्हणून जाऊन विवाह करता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र विवाह-भेट व्हिसा लागतो आणि विवाहानंतरही मायदेशी परतून जोडीदार व्हिसासाठी अर्ज करावा लागतो. ११ एप्रिल २०२४ पासून त्यासाठी किमान उत्पन्नाची अट २९ हजार पौंड आहे. मात्र हा व्हिसा मिळाला, की पहिल्या दिवसापासून काम करता येते.

पुढे काय

तिन्ही देशांना भीती एकच आहे: नावापुरते विवाह करून कायद्याला बगल दिली जाऊ नये. ब्रिटन दारातच कठोर तपासणी करतो. अमेरिका आत घेऊन तपासते आणि दरम्यान कामाचा परवाना देते. भारत राहू देतो, परंतु कमाईसाठी थांबवतो. सुरक्षेच्या दृष्टीने तपासणी आवश्यक आहे, यात शंका नाही. पण एंट्री व्हिसा देताना विवाह, पूर्वचारित्र्य आणि सहवास यांची तपासणी झालेलीच असते. त्यानंतर रोजगार रोखून धरल्याने खोटे विवाह किती थांबतात, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. खऱ्या विवाहांतील एक जोडीदार मात्र निश्चितपणे परावलंबी होतो.

एंट्री व्हिसासोबतच मर्यादित कामाची परवानगी देणे, अर्जांच्या निकालासाठी मुदत ठरवणे आणि छळामुळे विभक्त झालेल्या जोडीदाराला स्वतंत्रपणे राहण्याची सोय करणे, असे मार्ग सरकारपुढे आहेत. त्यांपैकी पहिल्या दोहोंना कायद्यात मोठा बदल करावा लागणार नाही. प्रशासकीय आदेशही पुरेसे ठरू शकतील. तोपर्यंत पाटन असो वा पुणे, परदेशी जोडीदाराशी विवाह करणाऱ्यांनी तीन गोष्टी लक्षात ठेवणे हिताचे आहे: व्हिसाची मुदत असतानाच विवाहाची नोंदणी व्हावी, रूपांतराचा अर्ज वेळेत जावा आणि लेखी परवानगी हाती येईपर्यंत वेतनाचे कोणतेही काम स्वीकारले जाऊ नये. कारण येथे झालेली एक चूक पुढे ओसीआय कार्डाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जातही आडवी येऊ शकते.